दोरीच्या अलीकडचा सराव

माझी नणंद एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात इस्त्रीचं काम बघते. बघते म्हणजे तिथल्या इस्त्रीवाल्यांची ती मुख्य आहे. पण मी त्यांना वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते, तर इथेही तसंच लिहिते, नाहीतर हात अडखळतो. वन्सं सकाळी सहाला जातात, दोनला सुटतात, घरी येऊन चार घास खातात आणि चारच्या ठोक्याला त्याच धुलाईखान्याच्या मागच्या अंगणात गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या असतात. वाफेनं त्यांचे हात कोपरापर्यंत कायमचे तांबूस झालेत. आवाज असा, की यंत्रांच्या खडखडाटातून तीन खोल्या पलीकडच्या माणसाला ऐकू जावा. घरात आपण हळू बोलतो असं त्यांना वाटतं. आम्ही त्यांना तसं वाटू दिलं आहे.

लग्न त्यांनी केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणतात, चारला सराव असतो ना, वेळच जमली नाही.

हा सराव शाळेच्या मुलींच्या लॅक्रॉसचा. हा खेळ मलाही लग्नानंतरच कळला. प्रत्येकीच्या हातात एक लांब काठी, काठीच्या टोकाला जाळीची ओंजळ. चेंडूला हात लावायचा नाही. जाळीनंच झेलायचा, जाळीनंच फेकायचा आणि पळताना तो जाळीतून निसटू नये म्हणून काठी छातीजवळ हलती ठेवायची. याला वन्सं जोजवणं म्हणतात. नवीन मुलगी काठी गच्च धरून पळाली की ओरडतात, "अगं, जोजव त्याला, गळा काय दाबतेस!" मुलींच्या खेळात अंगाला अंग भिडवायचं नसतं, त्यामुळे सगळी मदार पास देण्यावर आणि पास दिल्यावर पाय हलते ठेवण्यावर. "पास दिला की काम संपलं असं समजणारी मुलगी मला नको," हे त्यांचं वाक्य मी सहा वर्षं ऐकते आहे. "पास दिला की काम सुरू."

वन्सं स्वतः शाळेत असताना दोन वर्षं हा खेळ खेळल्या होत्या. पुढे संघच मोडला. सहा वर्षांपूर्वी शाळेनं पुन्हा काढायचं ठरवलं तेव्हा शिकवणारं कुणी मिळेना आणि वन्सं धुलाईखान्यातून सुटून थेट मुख्याध्यापकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मैदान मात्र मिळालं नाही. ते फुटबॉलवाल्यांकडे आधीच होतं. मग वन्सं आपल्या मुकादमाकडे गेल्या.

मुकादम माणूस बरा, पण चादरींच्या बाबतीत कडक. धुलाईखान्याचं मागचं अंगण चांगलं लांबरुंद आहे. उजवीकडे उंच भिंत, डावीकडे चार दोऱ्या, त्यांवर दवाखान्याच्या चादरी वाळत. त्यानं अंगण वापरायला दिलं आणि पहिल्याच आठवड्यात एक मातकट चेंडू ओल्या चादरीवर जाऊन बसला. मुकादमानं ती चादर दोन हातांत पसरून वन्संना दाखवली आणि विचारलं, बाई, हा चंद्र कुणाच्या उशाशी उगवायचा आहे? वन्संनी तिथल्या तिथे शब्द दिला की यापुढे एकही चेंडू दोरीला लागणार नाही. आणि आमच्या घरातल्या माणसांना शब्दाचं फार. सहा वर्षांत एकही लागला नाही.

त्यासाठी त्यांनी सगळा सराव त्या अंगणाच्या मापानं बेतला. चौकोनाचा सराव असा, की चार कोपऱ्यांवर चार मुली, एकीनं फेकायचा आणि फेकलेल्या चेंडूच्या मागे धावत जाऊन त्या कोपऱ्यावर उभं राहायचं. तो कायम एकाच दिशेनं फिरायचा, दोऱ्यांकडून भिंतीकडे. दुसरा वेणीचा. तीन मुली शेजारीशेजारी धावतात, मधली पास देते आणि जिला दिला तिच्या पाठीमागून बाहेर जाते, मग ती दुसरीला देते, अशी धावता धावता वेणी घातली जाते. पण आमच्या वेणीचा दोऱ्यांकडचा पेड कायम आखूड. तिथली मुलगी बाहेर जायच्या आतच वळायची. भिंतीवर चेंडू मारून झेलायचा सराव तर उजवीकडेच व्हायचा, भिंतच उजवीकडे. हे सगळं आज लिहिताना मला दिसतं आहे. तेव्हा मला दिसत नव्हतं, वन्संना दिसत नव्हतं, कुणालाच दिसत नव्हतं.

माझी मुलगी, म्हणजे वन्संची भाची, तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. ती डावखुरी. जेवते, लिहिते, केस विंचरते ते डाव्या हातानं, आणि काठीही डावीकडेच धरते. आठवीत तिनं हट्टानं संघात नाव घातलं. चौकोनात ती उलटी वळायची आणि समोरून येणारीवर आदळायची. वेणीत ती बाहेर जायची ती सरळ दोऱ्यांपर्यंत, आणि चादरीला नाक टेकायच्या बेतात कशीबशी थांबायची. वन्सं शिट्टी मारायच्या आणि म्हणायच्या, बाजूला हो. मैदानात त्या तिच्या आत्या नव्हत्या. तिनं त्यांना बाई म्हणायचं, हा त्यांचाच नियम. त्याचं कारण होतं. पहिल्या वर्षी यादीत भिंगरीचं नाव आलं तेव्हा गोलात उभं राहून चेंडू अडवणाऱ्या मुलीची आई फाटकाशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, आत्याच्या हातात यादी असली की भाचीला पळावं कशाला लागतं? वन्संनी ते ऐकलं, घरी येऊन जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी यादीतून नाव खोडलं.

त्यानंतर दोन वर्षं भिंगरी सरावाला रोज जायची आणि सामन्याला बाकावर बसायची. डोळ्यांवर तारेचा चष्मा, मार लागू नये म्हणून दातांवर रबर, सगळी तयारी करून बसायची. कधी रडली नाही. फक्त शाळेचं शेवटचं वर्ष सरत आलं तेव्हा मला एकदा म्हणाली, "आई, एक सामना. एकच खेळायला मिळाला तरी चालेल गं." आणि वर्षाचा शेवटचा सामना तीन आठवड्यांवर आला होता.

मी वन्संकडे शब्द टाकला नाही. आमच्या घरात ठरलेलं आहे, मैदानावरचं उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. मी सकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा मात्र तिच्यासाठी मागत होते. देवाला यादीतलं काय कळतंय असं वाटायचं, पण मागायचे.

माझं काम ताडपत्र्या आणि पिशव्या शिवण्याच्या दुकानात. मेण लावलेला दोरा, वाकडी सुई, हे माझ्या हातातलं, म्हणून संघाच्या काठ्यांच्या जाळ्या विणायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मुलींच्या खेळात जाळी खोल चालत नाही. चेंडू आत ठेवल्यावर त्याचा माथा काठाच्या वर दिसला पाहिजे, नाहीतर सामन्याआधी पंच काठी बाजूला काढतो. म्हणून मोठ्या सामन्याआधी सगळ्या काठ्या माझ्याकडे येतात आणि मी सैल झालेले दोरे ओढून घेते.

त्या वर्षीही वीस काठ्या आल्या. रविवारची दुपार होती. मी गॅलरीत सतरंजी टाकून त्या ओळीनं मांडल्या, सगळ्यांची तोंडं एका बाजूला, आणि विणायला बसले. पाचवी सहावी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की हात न बघताच उजव्या कडेला जातोय. तिथलेच दोरे झिजलेले, तिथेच पिंजलेले. डावी कड जवळजवळ नवी. मी पुढच्या सगळ्या उलटसुलट करून पाहिल्या. एकोणीस काठ्या उजवीकडे झिजलेल्या, आणि एक डावीकडे. कुणाची ते सांगायला नको. ताडपत्री एकाच बाजूला फाटून आली की आम्ही गिऱ्हाईकाला विचारतो, वारा कुठून येतो हो तुमच्याकडे? मी सुई खाली ठेवली. वारा कुठून येत होता ते मला समजलं होतं.

बराच वेळ सांगावं की नको असं झालं. मग मी हाक मारली. वन्सं भाजी निवडता निवडता ताट घेऊनच आल्या. मी नुसत्या काठ्या दाखवल्या. त्यांनी ताट खाली ठेवलं, वाकून एकेक पाहिली, बोटानं दोरे चाचपले. शेवटच्या काठीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही लेकीसाठी बोलताय."

"बोलतेय," मी म्हटलं. "ती एक माझी लेक आहे. पण या एकोणीस माझ्या लेकी नाहीत, आणि त्याही तेच सांगताहेत."

वन्सं ताट उचलून आत गेल्या. त्या रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. माझ्या नवऱ्यानं काय झालं म्हणून विचारलं, तर वन्सं म्हणाल्या, खा गुपचूप. पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मला वाटलं, संपलं. मी नियम मोडला आणि पोरीचं होतं तेही घालवलं.

तिसऱ्या दिवशी धुलाईखान्याची यंत्रं दुरुस्तीसाठी बंद होती. चादरी नाहीत, आणि मुकादमानं कुंपणाला रंग द्यायचा म्हणून दोऱ्याही काढून ठेवलेल्या. अंगण या भिंतीपासून त्या कुंपणापर्यंत मोकळं. वन्संनी मला दुपारी निरोप पाठवला, काठ्या घेऊन तुम्हीच या. मी गेले तर त्या मुलींना सांगत होत्या की आज कुठला सराव नाही, कोपरे नाहीत, वेणी नाही. दोन बाजू करा आणि मन मानेल तसं खेळा. मला त्यांनी पायरीवर आपल्या शेजारी बसवलं. भिंगरीला नेहमीसारखं बाजूला.

मुली खेळू लागल्या. चेंडू सुरेख फिरत होता, हाका मारून मागत होत्या, पास दिला की पळत होत्या. आणि डावीकडे पळत गेलेली प्रत्येक मुलगी जिथे दोरी असायची तिथे आली की वळत होती. मोकळं अंगण पुढे पसरलेलं, आणि मुली अर्ध्यातून परत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग संघातली सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळ्या शिडी म्हणतात, ती एका सुटलेल्या चेंडूमागे गेली. चेंडू घरंगळत दोऱ्यांच्या जागेपलीकडे गेला होता. शिडी तिथवर आली, आणि तिनं मान खाली घातली. नसलेल्या दोरीखालून वाकून पलीकडे गेली, चेंडू उचलला, आणि परत येताना पुन्हा वाकली.

वन्संच्या तोंडात शिट्टी होती. ती वाजली नाही. मी त्यांच्याकडे बघितलं तर खांदे हलत होते. हसत होत्या, अगदी पोट धरून, आणि हसता हसता डोळे पदरानं पुसत होत्या. मला म्हणाल्या, "वहिनी, सहा वर्षं मी या पोरींच्या डोक्यात चादरी वाळत घातल्या हो."

मग उठल्या आणि मुलींना गोळा केलं. मला वाटलं काहीतरी समजावून सांगतील, थोडं झाकून, थोडं उघडं. तसं काही केलं नाही. सरळ म्हणाल्या की नदीपलीकडच्या शाळेशी आपण दर वर्षी हरतो ते तुमच्यामुळे नाही. त्यांना माहीत आहे की आपण उजवीकडेच जाणार, म्हणून त्या उजवीकडेच उभ्या राहतात. चूक माझी आहे, मी तुम्हाला अर्धंच अंगण शिकवलं. मुली अवघडल्या. बाई चुकल्या असं बाईंनीच म्हटल्यावर कुठे बघायचं ते त्यांना कळेना. शिडीनं विचारलं की मग आता काय करायचं. वन्संनी भिंगरीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, ही काय करते ते बघायचं.

पुढचे बारा दिवस त्या अंगणात नुसता गोंधळ होता. चौकोन उलटा फिरवायचा म्हटला की मुली एकमेकींवर आदळत. एकीचं कोपर सुजलं, एकीनं दोनदा आपल्याच मैत्रिणीच्या पायावर काठी मारली. भिंगरी पुढे उभी राहून दाखवायची, डावा खांदा कसा मागे घ्यायचा, वरचा हात कुठला आणि खालचा कुठला. तिला शिकवता येत नाही, भरभर बोलते, पण मुली तिचे पाय बघून शिकत होत्या. दोऱ्या मुकादमानं पुन्हा लावल्याच होत्या. त्याच्याशी वन्संनी नवा करार केला. चार वाजता मुलींनीच वाळलेल्या चादरी काढायच्या, घडी घालून आत द्यायच्या, मग अंगण पूर्ण त्यांचं. साठ चादरी. दोघीदोघींनी टोकं धरायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकं हातात द्यायची आणि खालची घडी पकडायला मागे जायचं. पहिल्या दिवशी तास लागला. वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या आणि एकदम म्हणाल्या, अगं हेच तर, दे आणि हल! हात दिला की पाय निघाला पाहिजे! तेव्हापासून चादरी हाही सरावच झाला. मुकादम म्हणाला, माझ्या माणसांपेक्षा या पोरींच्या घड्या सरळ.

सामन्याच्या दिवशी सकाळी वन्संनी यादी वाचली. बारा नावं. भिंगरीचं नव्हतं.

मला त्या क्षणी वन्संचा फार राग आला, हे खोटं का सांगू. भिंगरीनं चष्मा चढवला आणि बाकावर जाऊन बसली. मी तिच्या मागच्या रांगेत. पलीकडे गोलातल्या मुलीची आई बसली होती, आणि वन्सं यादी वाचताना एकदा तिच्याकडे बघतात हे मी पाहिलं होतं.

पहिला अर्धा खेळ मनासारखा झाला नाही. बारा दिवसांत सहा वर्षं पुसली जात नाहीत. मुली डावीकडे जायचा प्रयत्न करत होत्या, पण चेंडू जाळीत आला की भीतीनं उजवीकडे वळत, आणि तिथे नदीपलीकडच्या मुली वाट बघत उभ्याच. त्यांचे पाच गोल, आमचा एक. मध्यंतरात मुली पाणी पीत घोळका करून बसल्या. वन्सं काहीतरी सांगत होत्या, तर शिडी मध्येच म्हणाली, "बाई, तिला घ्या ना. आम्हाला डावीकडे कुणीतरी जाऊन उभं राहिलेलं दिसलं पाहिजे, मग आम्ही देऊ."

वन्सं ज्या आवाजात यंत्रांवरून हाका मारतात त्याच आवाजात म्हणाल्या, "ती माझी भाची आहे."

"बाई, ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे आम्हाला," शिडी म्हणाली. "नाक बघा ना दोघींचं."

बाकीच्या हसल्या. गोलातली मुलगी सगळ्यात मोठ्यानं हसली. वन्सं वळल्या, बाकाकडे आल्या आणि भिंगरीला म्हणाल्या, बुटाच्या नाड्या बांध नीट. बस, एवढंच. त्यांनी त्या आईकडे या वेळी पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं. ती बाई आपल्या डब्याचं झाकण लावत होती, आणि झाकण काही लागत नव्हतं.

भिंगरी आत गेली आणि डावीकडच्या रेषेवर, अगदी टोकाला जाऊन उभी राहिली. तिला राखायला तिथे कुणी नव्हतंच, दर वर्षी नसायचं. शिडीनं पहिला पास तिच्यापुढे चार पावलं टाकला, ती जिथे पोचणार होती तिथे. तिनं तो झेलला, दोन वेळा जोजवला, आणि मध्ये आलेल्या मुलीला देऊन मागून बाहेर निघाली. गोल झाला. मग नदीपलीकडच्या दोघी तिच्यामागे लागल्या, तशी उजवी बाजू मोकळी झाली, आणि आमच्या मुलींना उजवीकडचं तर झोपेतही येत होतं. पाच-दोन, पाच-तीन, सहा-पाच. मी डोळे मिटून नाव घेत होते आणि दर वेळी ओरडा ऐकून उघडत होते, त्यामुळे अर्धे गोल मला दिसलेच नाहीत. शेवटचा चेंडू भिंगरीच्या जाळीत होता. तिला पास द्यायला दोन मुली मोकळ्या होत्या. तिनं स्वतःच मारला. तो खांबाला लागून बाहेर गेला आणि शिट्टी झाली. सात-सहा. हरलो.

परत येताना शाळेच्या गाडीत मी पुढे चालकाशेजारी बसले होते, वन्सं मागे मुलींमध्ये उभ्या, एका हातानं वरचा दांडा धरून. दर सामन्यानंतर त्या एकेकीला उभी करून तिच्या चुका सांगतात. जी खेळली तिलाच बोलणी, बाकावरचीला नाहीत. शिडीचं झालं, गोलातल्या मुलीचं झालं. मग भिंगरीची पाळी आली. तीन झेल सोडलेस. एकदा पास देऊन उभी राहिलीस, बघत, जसं काही फोटो काढणार आहे कुणी. आणि शेवटचा? दोन मैत्रिणी मोकळ्या असताना स्वतः मारलास? डोळे कुठे होते? घरी जाऊन भिंतीवर दोनशे, डाव्या हातानं शंभर आणि उजव्या हातानं शंभर. उजव्या हाताचं तुला काही येत नाही, ती चूकही आजच सांगून ठेवते.

मी मागे वळून पाहिलं. भिंगरी मान खाली घालून ऐकत होती, हो बाई, हो बाई म्हणत. कान लाल झाले होते, आणि तोंड इतकं आनंदानं फुललं होतं, की ते लपवायला तिनं दातांवरचं रबर अजून काढलं नव्हतं.